गळ्यातला क्रूस आणि टी-शर्टवरचा क्रूस

*आम्ही वसईचे कॅथलिक. मुलगा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. गिटार वाजवतो आणि रविवारी पहाटे मित्रांच्या बुलेट ग्रुपबरोबर बाहेर पडतो, त्यामुळे मिस्सा चुकते. गेल्या वर्षी त्याने गळ्यात क्रॉस घालायला सुरुवात केली. काळा, चारही हात सारखे, टोकाला रुंद, कडेने चंदेरी. मला बरंच वाटलं, म्हटलं काहीतरी शिल्लक आहे. पण मागच्या महिन्यात धुण्यात त्याचा काळा टी-शर्ट आला, त्यावर छातीभर उलटा क्रूस. माझे हातपाय गार पडले. मी तो माळ्यावर लपवला. तो रोज शोधतो, मी 'माहीत नाही' म्हणते. त्याचे बाबा म्हणतात बँडचं आहे, सोडून दे. सासूबाई म्हणतात फादरांना बोलवून घरावर आशीर्वाद घ्या. पुढे जर्मनीला शिकायला जायचं त्याच्या मनात आहे. मुलगा सैतानाच्या नादी लागलाय का?*

*— एक आई, वसई*

ताई,

तुमच्या पत्रात दोन क्रूस आहेत. एक पाहून तुम्हाला बरं वाटलं, दुसरा पाहून हातपाय गार पडले. तुम्ही विचारलंय दुसऱ्याबद्दल. पण मी सुरुवात पहिल्यापासून करते, कारण मुलाशी नीट बसून बोलायला हवं ते त्या गळ्यातल्या क्रूसाबद्दल, असं माझं मत झालंय.

तुमच्या आळीच्या नाक्यावर जो क्रूस असेल, ज्याच्यापुढे मे महिन्यात शेजारीपाजारी जमून रोझरी म्हणतात, त्याचा खालचा हात लांब असतो. त्यावर एक माणूस खिळला गेला होता, म्हणून तो लांब. तुम्ही वर्णन केलेल्या क्रूसाचे चारही हात सारखे आहेत, मध्ये निमुळते आणि टोकाला पसरट. काळा रंग, चंदेरी कड. हा 'आयर्न क्रॉस', लोखंडी क्रूस. हे जर्मन शिपायाचं पदक आहे.

१० मार्च १८१३ रोजी प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने नेपोलियनविरुद्धच्या लढाईसाठी ते सुरू केलं. आकार घेतला मध्ययुगातल्या ट्युटॉनिक सरदारांच्या, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या, काळ्या क्रूसावरून, आराखडा केला कार्ल फ्रीडरिश शिंकेल या नामांकित वास्तुकाराने. सोन्याऐवजी ओतीव लोखंड वापरलं, चांदी फक्त कडेला. तिजोरीत खडखडाट होता, बायका अंगावरचं सोनं लढाईसाठी देऊन बदल्यात लोखंडाचे दागिने घालत होत्या, आणि राजाचं पदकही त्याच लोखंडाचं होतं. त्या काळात आणखी एक गोष्ट नवी होती: साधा शिपाई असो की सेनापती, हुद्दा न बघता ते द्यायचं. पुढे १८७०, १९१४ आणि १९३९ मध्ये, दर मोठ्या लढाईला, ते पुन्हा काढलं गेलं. १९३९ चं काढलं हिटलरने आणि त्याच्या मध्यभागी आपलं चिन्ह बसवलं. आपण त्याला स्वस्तिक म्हणतो. जर्मन लोक त्याला 'हाकेनक्रॉइत्स' म्हणतात, म्हणजे आकड्यांचा, हुकांचा क्रूस.

आता जे सांगते ते मुलालाही सांगा. पहिल्या महायुद्धात हिटलर हलक्या हुद्द्याचा शिपाई होता आणि १९१८ मध्ये त्याला पहिल्या दर्जाचा लोखंडी क्रूस मिळाला. त्यासाठी त्याची शिफारस केली होती ह्यूगो गुटमान या ज्यू अधिकाऱ्याने. पुढे हिटलर सत्तेवर आला आणि त्याच गुटमानना देश सोडून अमेरिका गाठावी लागली. त्या युद्धात सुमारे एक लाख जर्मन ज्यू लढले होते आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या छातीवर हेच पदक होतं. १ एप्रिल १९३३ ला नाझींनी ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला. त्या दिवशी कोलोन शहरातला एक ज्यू दुकानदार आपला लोखंडी क्रूस कोटावर लावून स्वतःच्या दुकानाच्या दारात उभा राहिला. शेजारी गणवेशातला नाझी पहारेकरी. त्या क्षणाचा फोटो आहे. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ पान उलटवू शकले नव्हते. ज्यांनी ते दुकान बंद पाडायचं ठरवलं होतं त्यांच्या नेत्याच्या छातीवर जे पदक होतं, तेच या माणसाच्याही छातीवर होतं, आणि तो जणू त्यांना विचारत होता, मी या देशासाठी लढलो त्याचं काय?

मग जर्मन शिपायाचं पदक बुलेटवाल्या पोरांच्या गळ्यात कसं आलं? ते अमेरिकेवरून आलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैनिकांनी मेलेल्या आणि पकडलेल्या जर्मन सैनिकांची पदकं, हेल्मेटं आठवण म्हणून घरी नेली. त्यांतल्या काहींना घरी बसून नोकरी करवेना. युद्धाची वर्षं तोफांच्या आवाजात काढलेली पोरं ती. त्यांनी मोटारसायकली घेतल्या, क्लब काढले. जुलै १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर या छोट्या गावात शर्यतींच्या निमित्ताने अशी मंडळी मोठ्या संख्येने जमली, दंगा झाला, देशभर बातम्या झाल्या. पुढच्याच वर्षी 'हेल्स एंजल्स' हा मोटारसायकलवाल्यांचा क्लब निघाला. या पहिल्या पिढीने शत्रूचं पदक जाकिटावर लावलं त्याचा अर्थ साधा होता: मी याला हरवून आलोय. त्यांच्यामागून आलेल्यांनी युद्ध पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यासाठी अर्थ उरला तो एवढाच, की शहाण्यासुरत्या माणसांनी आपल्याला बघून दचकावं.

मग बाजार आला. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात एड रॉथ नावाचा कलाकार होता, 'बिग डॅडी' म्हणून प्रसिद्ध, चित्रविचित्र गाड्या बनवणारा. तो या क्रूसाच्या स्वस्त नकला विकायचा. समुद्रावर लाटांशी खेळणाऱ्या पोरांनी त्या गळ्यात घातल्या आणि नाव पडलं 'सर्फर्स क्रॉस'. युद्ध संपून जेमतेम वीस वर्षं झाली होती, छळछावण्यांतून वाचलेली माणसं तेव्हा त्याच रस्त्यांवरून चालत होती. ती काय विचार करत असतील, हे मला नेहमी टोचतं. पुढे १९७५ मध्ये इंग्लंडात लेमी नावाच्या गायकाने 'मोटरहेड' बँड काढला. त्याच्या गळ्यातला लोखंडी क्रूस त्याच्या आवाजाइतकाच ओळखीचा झाला. तो दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन वस्तू जमवायचा आणि 'मी नाझी नाही' हे त्याला जन्मभर सांगत राहावं लागलं. २००० नंतर 'वेस्ट कोस्ट चॉपर्स' या अमेरिकन गॅरेजचं बोधचिन्ह, तेही याच घाटाचं, टीव्हीवरून जगभर गेलं. आज फॅशन स्ट्रीटला किंवा पुण्यात एफसी रोडला तो कवटी आणि गरुडाच्या शेजारी टांगलेला दिसतो. तुमच्या मुलाने तो कुठून घेतला मला माहीत नाही, पण तो या वाटेने त्याच्यापर्यंत आलाय.

म्हणजे तो नाझी झालाय का? मुळीच नाही, ताई. त्याच्या मनात बहुधा लेमी असेल, मोकळा रस्ता असेल, बुलेटचा आवाज असेल. पण आपल्या मनात काय आहे यावर समोरच्याला काय दिसतं ते ठरत नाही. माझी भाची नोकरीसाठी म्युनिकला गेली. पहिल्या दिवाळीला तिने हौसेने फ्लॅटच्या दाराबाहेर रांगोळीत स्वस्तिक काढलं, जसं आमच्या उंबऱ्यावर पिढ्यान् पिढ्या काढतात. समोरच्या फ्लॅटमधल्या म्हाताऱ्या बाई भाजी घेऊन आल्या, रांगोळीकडे बघून थबकल्या आणि काही न बोलता आत गेल्या. भाचीने रांगोळी पुसली, कमळ काढलं आणि दुसऱ्या दिवशी फराळाचं ताट घेऊन त्यांच्याकडे गेली. स्वस्तिकाबद्दल तिच्या मनात आजही तीच माया आहे, देवघरात ते आहेच. पण त्या जिन्यात त्या बाईंच्या नजरेला ते काय आहे, हे तिने ओळखलं. तुमच्या मुलालाही एवढंच शिकायचंय, आणि ते जर्मनीला जाण्याआधी शिकला तर फार बरं.

तिथल्या कायद्यापुरतं सांगायचं तर मधलं नाझी चिन्ह जाहीरपणे मिरवणं हा गुन्हा आहे, मग ते पदकावर असो की टी-शर्टवर. नुसत्या लोखंडी क्रूसावर बंदी नाही, जर्मन लष्कराच्या गाड्यांवर आजही त्याच घाटाचं चिन्ह असतं. १९५७ च्या कायद्याने जुन्या सैनिकांना आपली पदकं लावायला परवानगी मिळाली, पण नाझी चिन्ह काढून. २००८ मध्ये त्यांनी शौर्यासाठी नवं पदक काढलं, आकार जवळपास तसाच ठेवला, जुनं नाव मात्र परत आणलं नाही. त्यांच्या मनातही या क्रूसाचा प्रश्न पुरता सुटलेला नाही.

तेव्हा पहिलं काम: लॉकेट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघा. मुलाच्या समोर बघा, चोरून नको. मुकुट, 'डब्ल्यू' अक्षर आणि १९१४ असं कोरलेलं असेल तर ती पहिल्या महायुद्धातल्या पदकाची नक्कल. मधोमध आकड्यांचा क्रूस आणि खाली १९३९ असेल तर तो गळ्यातून उतरलाच पाहिजे. इथे मी आईला घासाघीस करायला सांगणार नाही. कोरा असेल, नुसता काळा आणि चंदेरी, तर वर लिहिलेलं सगळं त्याला सांगा आणि निर्णय त्याच्यावर सोडा. १९ वर्षांचा मुलगा कोलोनच्या दुकानदाराची गोष्ट ऐकून विचारात पडेल, एवढा विश्वास मला त्याच्यावर आहे.

एक छोटीशी गोष्ट मध्येच. दुकानदार बऱ्याचदा हाच क्रूस 'माल्टीज' म्हणून विकतात. ते चूक आहे. माल्टाच्या क्रूसाची प्रत्येक बाजू टोकाला आत खाचलेली असते, म्हणून त्याला आठ टोकं होतात. रुग्णसेवा करणाऱ्या सरदारांच्या संघाचा तो क्रूस. आठ टोकांचा संबंध प्रभूच्या डोंगरावरच्या प्रवचनातल्या आठ 'धन्य ते' वचनांशी जोडतात. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सच्या प्रथमोपचार प्रमाणपत्रावर तुम्ही तो पाहिला असेल. मुलाला बाइकवाल्यांच्या जगातला क्रूसच हवा असेल, तर रस्त्यावर पडलेल्याला उचलणाऱ्यांचा हा क्रूस मला जास्त आवडेल. पण ही माझी आवड झाली.

आता टी-शर्ट. उलट्या क्रूसाची पहिली गोष्ट तुमच्याच देवळातली आहे. संत पेत्राला रोममध्ये क्रूसावर द्यायला नेलं तेव्हा, प्रभूसारखं मरण्याची आपली लायकी नाही, असं म्हणून त्याने स्वतःला उलटं टांगायला सांगितलं, ही परंपरेची कथा. त्यातला उलटं टांगण्याचा भाग दुसऱ्या शतकातल्या लेखनातच सापडतो. कारावाज्जो या इटालियन चित्रकाराने १६०१ च्या सुमाराला काढलेलं या कथेचं चित्र रोममधल्या एका चर्चमध्ये आहे. तीन मजूर धापा टाकत क्रूस उचलतायत आणि म्हातारा पेत्र मान वर करून स्वतःच्या हातातल्या खिळ्याकडे बघतोय. मार्च २००० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे इस्राएलमध्ये गालील समुद्राजवळ मिस्सेला बसले, त्या आसनाच्या पाठीवर उलटा क्रूस कोरलेला होता. पेत्राच्या गादीवरचा माणूस पेत्राच्या क्रूसाला टेकून बसला होता. सासूबाईंना हे जरूर सांगा.

हे ऐकून 'मग काहीच हरकत नाही' असं मात्र म्हणू नका, कारण तुमच्या मुलाने तो पेत्रासाठी घातला नसावा. रॉक संगीतात उलटा क्रूस आला तो दुसऱ्या दाराने. बर्मिंगहॅम या इंग्लंडातल्या कारखान्यांच्या शहरात १९६८ मध्ये कामगारांच्या चार पोरांनी बँड काढला, पुढे त्याचं नाव झालं 'ब्लॅक सॅबथ'. गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता, सतराव्या वर्षी यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली आणि वाजवत राहिला. तुमचा मुलगा गिटार वाजवतो, त्याला हे पाठ असणार. फेब्रुवारी १९७० मध्ये त्यांची पहिली तबकडी निघाली. वेष्टन उघडलं की आत मोठा उलटा क्रूस. तो कंपनीने छापला होता, बँडला न विचारता. मग सैतानाचे भक्त त्यांच्याकडे यायला लागले आणि पोरं घाबरली. बास वाजवणारा गीझर बटलर तर कॅथलिक घरातला. अशा एका टोळीने आपल्याला शाप दिला, अशी गोष्ट त्यांनी नंतर सांगितली आहे. त्यावर त्यांनी काय केलं? गायक ऑझी ऑझबर्नच्या वडिलांनी, ते कारखान्यात अवजारं बनवायचे, चौघांसाठी धातूचे क्रूस करून दिले. सुलटे. त्या बँडच्या गळ्यात दिसणारे ते मोठे क्रूस एका बापाच्या हातचे आहेत, पोरांचं रक्षण व्हावं म्हणून घडवलेले. १९७१ च्या त्यांच्या तबकडीत बटलरने लिहिलेलं एक गाणं आहे, 'आफ्टर फॉरेव्हर'. ते देवावरच्या विश्वासाची बाजू घेतं आणि मित्रमंडळी हसतील म्हणून तो लपवणाऱ्यांना प्रश्न विचारतं.

मी कॉलेजात असताना धोबी तलावच्या रंग भवनात आय-रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव व्हायचा, सेंट झेवियर्सच्या अगदी शेजारी. काळे टी-शर्ट, कवट्या, क्रूस, हे सगळं मी त्या गर्दीत उभं राहून पाहिलंय. त्यांतली बरीचशी पोरं वांद्र्याची, ऑर्लेमची, वसईची होती आणि दुसऱ्या दिवशी मिस्सेच्या गायनवृंदात गिटार तीच वाजवायची. त्यामुळे काळा टी-शर्ट पाहून मी घाबरत नाही.

पण एक वेगळी शाखा आहे, तिच्याबद्दल तुमच्यापासून काही लपवणार नाही. १९९० च्या सुमाराला नॉर्वेत 'ब्लॅक मेटल' म्हणून जे संगीत आलं, त्यात उलटा क्रूस हा सरळसरळ ख्रिस्तविरोधाचा होता. ६ जून १९९२ ला बर्गनजवळचं फानटॉफ्ट इथलं बाराव्या शतकातलं लाकडी चर्च जळून राख झालं. त्यानंतर आणखी चर्चं जळली आणि त्या वर्तुळातल्या तरुणांना जाळपोळीबद्दल शिक्षा झाल्या. ते संगीत ऐकणारा प्रत्येक मुलगा तसा असतो असं कुणी म्हणू नये. पण छातीवर त्यातल्या बँडचं नाव असेल तर 'तुला हे गाणं आवडतं, की हे जे म्हणतात तेही पटतं?' हा प्रश्न विचारायचा आईला हक्क आहे. प्रश्न रागाने विचारू नका, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. 'मला चर्चमध्ये जावंसं वाटत नाही' असं उत्तर आलं तरी थांबा. ते उत्तर सैतानाकडून आलेलं नसेल, ते तुमच्या मुलाकडून आलेलं असेल आणि इतके दिवस ते सांगायला त्याला जागा मिळाली नसेल. रविवारच्या पहाटे तो बुलेट घेऊन निघतो तेव्हा कदाचित तो हेच सांगत असेल.

फादरांना बोलवायचं तर जरूर बोलवा, पण जेवायला. घरावर आशीर्वाद घ्यायचा तर सगळ्यांसाठी घ्या, मुलाला आधी सांगून. त्याला मध्ये बसवून त्याच्या अंगावर पवित्र पाणी शिंपडायचा घाट घालू नका. आजारी असल्यासारखं वागवलं तर तो त्या क्रूसाला आणखी घट्ट धरून बसेल. एक अट मात्र तुम्ही घालू शकता आणि घालावीही: देवळात, आजीच्या खोलीत आणि कुणाच्या मयताला तो टी-शर्ट नाही. ज्यांना त्या चिन्हाने खरोखर इजा होते त्यांच्यासमोर ते मिरवायचं नाही. तिथे त्याच्या मनातला अर्थ काहीही असला तरी चालणार नाही. बाकी त्याच्या खोलीत, त्याच्या मैफलीत, तो काय घालतो हे त्याचं त्याला ठरवू दे.

आणि आज संध्याकाळी माळ्यावर चढा. टी-शर्ट काढा आणि त्याच्या हातात द्या. 'मीच लपवला होता, मला भीती वाटली,' असं सांगा. दोन वाक्यं आहेत, पण जड जातील. महिनाभर 'माहीत नाही' म्हटल्यानंतर खरं बोलायची सुरुवात तुमच्याकडून झाली, तर त्याच्याकडूनही होईल. मग त्याला म्हणा, मला ते 'आफ्टर फॉरेव्हर' ऐकव. आवाज मोठा असेल, शब्द पहिल्यांदा कळणार नाहीत. त्यालाच ओळीओळीने समजावून द्यायला सांगा.

महिनाभर माळ्यावर राहिलेल्या कापडाला कुबट वास लागला असेल. देण्याआधी धुणार असाल तर आतली बाजू बाहेर काढून गार पाण्यात धुवा आणि सावलीत वाळत घाला. उन्हाने असे छापे तडकतात, आणि मग तो तुम्ही मुद्दाम खराब केलात असं त्याला वाटायला नको.